शार्दूल चांदोरकर: डिफेन्समन, अविवाहित

विवाह हा केवळ दोन जीवांचा नव्हे, तर दोन कुळांचा पवित्र संबंध आहे, आणि त्याचा पाया सत्य हाच असू शकतो. इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या चांदोरकरांकडे हा पाया घालण्याचं काम त्या शनिवारी सकाळपासूनच सुरू झालं होतं. आधी बैठकीच्या खोलीचे पडदे ओढून घेतले. मग स्मोक अलार्मची बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये टाकली. मग भिंतीवरचा जयंतराव-आशाताईंच्या लग्नाचा फोटो जरा तिरका झाला होता तो सरळ केला.

पडदे ओढायचे कारण, उजेड शार्दूलच्या डोळ्यांतून आत जातो आणि मग आतच राहतो. अलार्मचं कारण, पोह्यांच्या फोडणीला तो हमखास वाजतो, आणि वाजला की शार्दूल कानांवर हात दाबून जिन्याखालच्या कपाटात जाऊन बसतो. सहा फूट उंचीचा, एकोणतीस वर्षांचा गडी व्हॅक्यूम क्लीनरशेजारी त्या कपाटात मावतो, हे आशाताईंनी स्वतः पाहिलं नसतं तर त्यांना पटलं नसतं.

"अंधार का, असं पाहुण्यांनी विचारलं तर?" आशाताई कांदा चिरता चिरता म्हणाल्या.

"मायग्रेन," जयंतराव म्हणाले. "तुला."

"मला?"

"मग काय त्याला म्हणून सांगू?"

अशा रीतीने आशाताईंना त्या सकाळी अर्धशिशी झाली.

जयंतरावांनी नवरामुलाची उजळणी घेतली. त्यांनी पुण्यात कॉलेजात असताना आणि पुढे ब्रॅकनेलच्या कंपनीत अनेकांच्या मुलाखतींच्या तयाऱ्या करून घेतल्या होत्या. मुलगा टेबलाशी टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता.

"काय करतोस असं विचारलं तर?"

"स्पोर्ट्स मॅनेजमेंट."

"आणि सध्या?"

"करिअर ब्रेक."

"का?"

शार्दूल बराच वेळ मिठाच्या बाटलीकडे बघत राहिला. "बाबा, काय विचारलं तुम्ही?"

"एक्सप्लोरिंग ऑप्शन्स," जयंतराव म्हणाले. "एवढंच. हसत म्हण."

शार्दूल चांदोरकर हा व्यावसायिक आइस हॉकीपटू होता. बायोडेटात नसलेलं हे एकमेव खरं वाक्य. बायोडेटात गोत्र होतं.

वर्गातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला तो पहिल्यांदा स्लाऊच्या बर्फाच्या रिंकवर गेला. बाकीची पोरं आधारासाठी दिलेले प्लास्टिकचे पेंग्विन धरून रडत होती. शार्दूलने पेंग्विन सोडला आणि तो निघाला. वळून बघितलं नाही. त्या दिवसापासून चांदोरकरांच्या घरातला बुद्धिबळाचा पट माळ्यावर गेला. रिंकवर लहान मुलांना वेळ मिळायची ती उजाडायच्या आत, त्यामुळे जयंतराव अंधारात एम-फोर हायवेवरून गाडी हाकायचे आणि थंडगार बाकावर बसून लॅपटॉपवर ऑफिसचं काम करायचे. खेळातलं त्यांना काही कळत नसे. किटबॅगेचा वास असह्य झाला तेव्हा आशाताईंनी तीत कापराच्या वड्या टाकल्या. तेव्हापासून चांदोरकरच्या बॅगेला चर्चचा वास येतो असं त्याच्या संघातली पोरं म्हणत.

मराठी मंडळात या खेळाविषयी कुतूहल होतं.

"बर्फावर? पडत नाही का?"

"पडतो," आशाताई सांगत.

"मग?"

"उठतो."

अठराव्या वर्षी मँचेस्टरला कॉम्प्युटर सायन्सची जागा मिळालेली असताना शार्दूलने उत्तरेकडच्या एका लहान क्लबशी करार केला. जयंतराव तो उन्हाळाभर त्याच्याशी बोलले नाहीत. जेवताना "त्याला विचार, भात हवा का" असं ते आशाताईंना सांगत. हिवाळ्यात मात्र एका सामन्याला गेले. सगळं स्टेडियम "चँडी! चँडी!" असं ओरडतंय आणि ते आपल्याच आडनावाचं काहीतरी आहे, हे कळल्यावर त्यांनी मध्यंतरात क्लबचा मफलर विकत घेतला आणि जूनपर्यंत काढला नाही.

शार्दूल डिफेन्समन होता. या खेळात चेंडू नसतो. गोठवून दगडासारखी केलेली रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. मोटारीच्या वेगाने ती गोलकडे येते, तेव्हा डिफेन्समनने तिच्या आड यायचं असतं. याचे पैसे मिळतात हे समजल्यावर, "बाजूला व्हायचे मिळत नाहीत का?" एवढंच आशाताईंनी विचारलं होतं.

एक मोसम डेन्मार्कला, मग मिडलंड्समधल्या मोठ्या क्लबात, आणि एकदा देशाच्या संघातून. देशाकडून खेळला तेव्हा मंडळाने गणपतीत त्याचा सत्कार केला. भरतनाट्यमचं अरंगेत्रम झालेली एक मुलगी आणि इलेव्हन-प्लस ही शाळाप्रवेशाची परीक्षा पास झालेला एक मुलगा यांच्या मध्ये त्याला बसवलं, आणि "आइस स्केटिंगमध्ये नाव काढणारे" म्हणून शाल-श्रीफळ दिलं. त्याचे पुढचे दोन दात खोटे होते. नारळ घेताना तो तोंड मिटून हसला.

दात, खांदा, बोटं यांचं कुणालाच फार काही वाटत नसे. डोक्याला बसलेल्या फटक्यांना ड्रेसिंग रूममध्ये "बेल वाजली" असं म्हणत, जणू दाराशी कुणी पाहुणा आलाय. शार्दूलची बेल बरेचदा वाजली. पण त्यासाठीही रीतसर सोय होती. मोसमाच्या सुरुवातीला खेळाडूची कॉम्प्युटरवर एक परीक्षा घेत: शब्द लक्षात ठेवा, आकृत्या जुळवा, चौकोन लाल झाला की पटकन क्लिक करा. डोक्याला मार लागला की तीच परीक्षा पुन्हा. मार्क पहिल्याइतके पडले की खेळायला मोकळा. शार्दूल दर वेळी पास झाला. "आमचा मुलगा अजून एकाही टेस्टमध्ये अडकलेला नाही," जयंतराव मंडळात सांगत, आणि मंडळाला हॉकीतलं तेवढं एक वाक्य नीट समजे.

शेवटच्या सामन्यात तो कडेच्या कठड्यावर आपटला. उठला. हेल्मेट सरळ केलं आणि शांतपणे स्केटिंग करत जाऊन समोरच्या संघाच्या बाकावर बसला. त्या पोरांनी हसत हसत सरकून त्याला जागा दिली. स्टेडियमही हसलं. मग त्यांच्यातल्या एकाने त्याच्या डोळ्यांत वाकून पाहिलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसरा हात वर करून रेफरीला बोलावलं.

त्याचा व्हिडिओ ठाण्याच्या मावशींनी आशाताईंना पाठवला. खाली हसणारे चेहरे होते. मावशींनी मुलाला ओळखलं नव्हतं, हेल्मेटमुळे.

त्यानंतर तो ब्रॅकनेलच्या त्याच्या लहानपणच्या खोलीत परत आला. मेंदूच्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. बरा होईल का, या प्रश्नावर त्या "माहीत नाही" असं खरं उत्तर देत. जयंतरावांना ते उत्तर अपूर्ण वाटे.

पूर्ण उत्तर मधुमतीताईंकडे होतं. मधुमतीताई स्लाऊच्या, मंडळाच्या विवाह विभागाच्या प्रमुख. त्यांनी गाडीतून उतरायच्या आधीच सांगितलं, "लग्न करून टाका त्याचं. जबाबदारी आली की डोकं ताळ्यावर येतं."

आपल्याकडचा हा रामबाण उपाय आहे. पिणाऱ्यावर, फिरणाऱ्यावर, फिट्स येणाऱ्यावर, घुम्यावर, तापटावर आणि संन्यास घेऊ पाहणाऱ्यावर एकच औषध चालतं, आणि ते दुसऱ्याच्या घरून आणायचं असतं. औषधाला विचारायची पद्धत नाही. समुद्र ओलांडताना आपल्या लोकांनी पुष्कळ सामान मागे ठेवलं. हे मात्र केबिन बॅगेत आणलं.

पाहुणे आले. संजयराव देवपुजारी आणि मीनलताई नागपूरहून उन्हाळ्यासाठी आले होते. त्यांची मुलगी आसावरी स्लाऊमधल्या एका कंपनीत मालाच्या वाहतुकीचं नियोजन पाहत असे. वय बत्तीस. हा आकडा संजयराव तापाच्या आकड्यासारखा सांगत.

"काय अंधार करून ठेवला बाप्पा!" संजयराव दारातच म्हणाले.

"आशाला मायग्रेन आहे," मधुमतीताई म्हणाल्या. त्यांना आधी सांगून ठेवलं होतं.

"अरे अरे! मग पोहे कोणी केले?"

"मीच," आशाताई म्हणाल्या, आणि मग आठवण होऊन त्यांनी कपाळाला हात लावला.

पोहे झाले, चहा झाला, नागपुरातलं ऊन आणि इथलं ऊन यांची तुलना झाली. शार्दूल तीन वाक्यं हसत म्हणाला. एक्सप्लोरिंग ऑप्शन्स ऐकून संजयरावांनी "वा" म्हटलं. आसावरी काही बोलत नव्हती. ती भिंतीकडे बघत होती.

"आता मुलांना जरा बोलू द्या," मधुमतीताई म्हणाल्या, आणि दोघांना साउथ हिल पार्कच्या तळ्याकडे पाठवण्यात आलं. शार्दूलने टोपी घातली, काळा चष्मा लावला.

"स्टायलिश आहेस," आसावरी म्हणाली.

"मेडिकल आहे," शार्दूल म्हणाला, आणि एवढ्यात आपण उजळणीबाहेर गेलो हे त्याच्या लक्षात आलं.

"मी तुला गूगल केलं रे. स्पोर्ट्स मॅनेजमेंट म्हणे! तू खेळतोस."

"खेळलो. पास्ट टेन्स."

"आणि मारामारी करतोस. एक माणूस तुझी जर्सी धरून तुला हाणतोय, तू त्याला हाणतोयस, आणि तो पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातला रेफरी उभा राहून बघतोय."

"तो थांबतो, आम्ही थकेपर्यंत. इट्स पोलाइट."

आसावरी मोठ्याने हसली. शार्दूलला ते हसू डोक्यात कुठे लागलं नाही. बऱ्याच दिवसांत असं झालं नव्हतं.

"कसं वाटतं रे तिथे?" तिने विचारलं. "बर्फावर?"

"कसं म्हणजे... मशीन जाते ना, बर्फ साफ करायला. शी गोज राउंड. मग बर्फ ओला असतो, काळा, काचसारखा. तेव्हा पहिला उतरायचा. कोणी नसतो. फक्त तुझा आवाज. स्क्रर्र, स्क्रर्र. आणि थंडीचा पण एक वास असतो. लोक म्हणतात वास नाही. आहे." बोलता बोलता त्याचे गुडघे आपोआप किंचित वाकले होते. "मी खूप चांगला नव्हतो हां. आय वॉज ओके. पण माझा पार्टनर कधी मागं बघत नव्हता. त्याला माहीत होता, मी आहे."

तळ्याशी एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन पावाचे तुकडे टाकत होती. शार्दूलने पाण्याकडे बोट दाखवलं. "लहान होतो तेव्हा आजीबरोबर इथे यायचो, ते बघायला, ते..." तो थांबला.

"बदकं?"

"नाही. म्हणजे हो. पण मला इंग्लिशमधला पण नाही येत आत्ता."

आसावरीने इंग्रजी शब्द पुरवला नाही. ती थांबली. बदकं पाव खाऊन निघून गेली.

"त्या हॉलमधला फोटो एवढा खाली का लावलाय?" तिने विचारलं. "कमरेएवढ्या उंचीवर लग्नाचा फोटो कोण लावतं?"

"मागे होल आहे."

"कसलं?"

शार्दूलने उजवी मूठ पुढे केली. बोटांच्या सांध्यांवरची कातडी नवी, गुलाबी होती. "मी खाली बसलो होतो. ममा काहीतरी विचारत होती. नॉर्मल. जेवण काय पाहिजे असं. मी ममाला नाही मारलं. वॉलला मारलं. ममा वॉलच्या समोर होती. म्हणजे बाजूला."

"तू मुद्दाम बाजूला मारलंस?"

"आय थिंक सो." मग तो म्हणाला, "मला आठवत नाही. तोच प्रॉब्लेम आहे."

मग त्याने सगळंच सांगितलं. दुपारनंतर आपण आपण नसतो. परवा गॅस चालू राहिला. रडू येतं, कारण नसताना. डॉक्टर म्हणते माहीत नाही. सकाळ चांगली असते, म्हणून तुम्हाला सकाळी बोलावलं.

"हे बायोडेटात नव्हतं," आसावरी म्हणाली.

"नाही. आणि मायग्रेन ममाला दिला."

तिला हसू आलं, आणि लगेच तिने तोंडावर हात धरला. "चष्मा काढ ना जरा. एक मिनिट."

त्याने काढला. लख्ख ऊन होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "इट्स जस्ट द लाइट," तो म्हणाला. ते खरं होतं, आणि दुसरंही खरं असायला काही हरकत नव्हती.

"मला तू आवडला असतास रे," आसावरी म्हणाली. "एवढं सगळं सांगितल्यावर पण, विचार केला असता. पण त्यांनी तुला पडदे ओढून दाखवलं मला." ती थोडं चालली. "हे सगळं घरी सांगशील? तू? मी सांगितलं तर म्हणतील, हिला नाही म्हणायला निमित्तच हवं होतं. आतापर्यंत सगळ्यांना नाहीच म्हटलंय मी."

"सांगतो," शार्दूल म्हणाला. "पण चल फास्ट. नाहीतर विसरेल."

ते परतले तेव्हा मधुमतीताई मोबाइलवर लग्नाच्या हॉलच्या मोकळ्या तारखा बघत होत्या. शार्दूल दाराशीच उभा राहिला, खेळाडू राष्ट्रगीताला उभे राहतात तसा, आणि त्याने सांगितलं. थोडं मराठीत, जास्त इंग्रजीत. मग तो पुढे गेला, लग्नाचा फोटो काढून सोफ्यावर ठेवला आणि बाजूला झाला. इथल्या पातळ, पोकळ भिंतीत मुठीच्या मापाचं भगदाड होतं. आतलं थर्मोकोलसारखं काहीतरी दिसत होतं.

आता आभाळ कोसळणार म्हणून जयंतरावांनी डोळे मिटले.

कोसळलं नाही.

"एवढंच नं?" संजयराव म्हणाले. "मला वाटलं, अफेअर-बिफेअर आहे की काय."

"बाबा!" आसावरी म्हणाली.

"तू थांब जरा. बोलून राहिलो नं मी. अहो जयंतराव, प्रत्येक घरात काही ना काही असते. आमच्या नानालेच घ्या. माझा चुलतभाऊ. फिट्स यायच्या त्याले. लग्न झालं अन् बंद."

"बंद नाही झाल्या," मीनलताई म्हणाल्या. सकाळपासून त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. "वहिनींनी सांगायचं बंद केलं."

संजयरावांनी हे ऐकलं नाही. लग्नाला पस्तीस वर्षं झाली की कानाला ते जमतं. "मुलगा सरळ आहे," ते पुढे म्हणाले. "स्वतः होऊन सांगितलं. आजकाल कोण सांगते? आणि आमच्या मुलीचंही वय आहे, ते काय आम्ही लपवून राहिलो?"

"हेच मी म्हणत होते," मधुमतीताई म्हणाल्या.

आपण सत्याला एवढे भितो, पण सत्य समोर येऊन उभं राहिलं तर त्याला चहा देऊन गप्प बसवण्याची सोय आपल्या समाजाने फार पूर्वीच करून ठेवलेली आहे, हे जयंतरावांना तेव्हा कळलं. त्यांना एकदम हलकं वाटलं. इतकं की, कुणी मागितलेला नसताना त्यांनी पुरावाही दिला.

"तसं सीरियस काहीच नाही, देवपुजारी. क्लबमध्ये कॉम्प्युटराइज्ड टेस्ट असते. मेंदूची. प्रत्येक वेळी मार लागल्यावर घेतलेली आहे. आणि आमचा शार्दूल प्रत्येक टेस्ट..."

"बाबा," शार्दूल म्हणाला. "नको."

"का नको? मार्क आहेत, लपवायचं काय त्यात?"

"बाबा, प्लीज. ती टेस्ट तुम्हीच मला शिकवली."

खोलीत कुणाला काही कळलं नाही. शार्दूल आसावरीकडे वळला. तिला सांगायला त्याला सोपं जात होतं. "पहिली टेस्ट असते ना, सीझनच्या आधी. मग लागलं की परत. दे कंपेअर. तर बाबा म्हणाले, पहिलीतच कमी मार्क पाड. स्लो क्लिक कर. वर्ड्स विसर थोडे. मग नंतर खरंच स्लो झालास तरी सेम येणार."

ही युक्ती ड्रेसिंग रूममध्ये जुनीच होती. फक्त बाकीचे तिथे शिकले, शार्दूल घरून शिकून गेला. मोठ्या क्लबातला तो पहिला ऑगस्ट. जयंतरावांनी त्या परीक्षेची सगळी माहिती वाचून काढली होती आणि याच टेबलाशी कागदावर आलेख काढून मुलाला समजावलं होतं. जन्मभर ज्या माणसाने परीक्षेकडे समोरच्याला चकवायची गोष्ट म्हणूनच पाहिलं, त्याला ही परीक्षा मुलाच्या बाजूने आहे हे सुचलंच नाही. बर्फावर ज्याला धड उभंही राहता येत नव्हतं, त्या बापाला मुलाच्या खेळात करता आलेली ती एकच मदत होती.

"ही वॉज हेल्पिंग मी," शार्दूल म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मी इतका खूश झालो होतो. बाबा माझ्या गेमचा काहीतरी वाचून आले म्हणून. मग मी सगळ्या पास झालो. पास झालो म्हणून खेळलो."

जयंतरावांनी तोंड उघडलं. "सगळेच..." ते म्हणाले. मग त्यांनी पोह्यांच्या बशा गोळा करायला घेतल्या. संजयरावांची बशी अजून भरलेली होती, तीही घेतली. बशा घेऊन ते स्वयंपाकघरापर्यंत गेले नाहीत. खोलीच्या मध्येच उभे राहिले.

"झालं गेलं गंगेला मिळालं," संजयराव म्हणाले. कुणीतरी काहीतरी म्हणायलाच हवं होतं. "आता पुढचं बघू. लग्नानंतर मुलगी सांभाळून घेईल. आमच्या संस्कारात वाढलेली आहे."

"कसं सांभाळेल?" आशाताईंनी विचारलं.

पाहुणे आल्यापासून त्या कपाळाला हात लावून बसल्या होत्या. आता तो हात त्यांनी खाली घेतला. "कसं ते सांगा ना मला. मला तर नाही जमत अजून. त्या भिंतीपुढे मी उभी होते, संजयराव. मी आई आहे. मला दुसरीकडे जायला जागा नाही, आणि जायचंही नाही. पण या पोरीने काय केलंय? हिला आणून तिथे उभी करायची, आणि मी स्वयंपाकघरात जायचं, एवढंच ना लग्न म्हणजे?"

"अगं आशा, असं काय बोलतेस? मुलगा बरा होईल..." मधुमतीताई म्हणाल्या.

"मग बरा झाल्यावर बघू."

"काका," शार्दूल म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडत चालला होता. सकाळ संपत आली होती. "नाही. आय एम सेइंग नो. ती खूप चांगली आहे. म्हणून नाही."

"अरे, चांगली आहे म्हणून कोणी नाही म्हणतं का?" संजयराव म्हणाले.

"मग कधी म्हणतात?" शार्दूलने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मीनलताई उठल्या. त्यांनी आधी आपला कार्डिगन घातला, मग नवऱ्याचं जाकीट त्याच्या मांडीवर ठेवलं. मग आशाताईंच्या हातावर हात ठेवला. दाराशी आसावरी मागे वळली.

"फोन केला तर चालेल?"

"सकाळी," शार्दूल म्हणाला.

तिने केला. काही आठवडे कामावर जाता जाता बसमधून रोज करत असे. तो फोन रोज आनंदाने घ्यायचा, आणि कधी कधी ती कोण ते त्याला थोड्या वेळाने आठवायचं. ते तिला कळे, पण ती कळू देत नसे. मग तिला लेस्टरला बढतीची जागा मिळाली, सकाळच्या मीटिंगा सुरू झाल्या, आणि फोन रविवारवर आले. मग सणावारांवर. तिचा काही दोष नव्हता. शार्दूलने आशाताईंना एकदाच विचारलं, "ती हसायची ती, ती कुठे गेली?"

"लेस्टरला," आशाताई म्हणाल्या.

"ओ गुड," शार्दूल म्हणाला. "तिथे रिंक आहे का?"

जयंतराव त्या शनिवारनंतर महिनाभर फार बोलले नाहीत. संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत मुलाशेजारी जाऊन बसत. एकदा त्यांनी विचारलं, "मी काय करू, शार्दूल?" शार्दूलने पुष्कळ विचार केला. "काही नाही, बाबा. बसा." ते बसले. पण त्यांना नुसतं बसता येत नसे.

म्हणून मंडळाच्या वार्षिक सभेत ते उठले. स्लाऊच्या शाळेच्या हॉलमध्ये खजिनदारांचं बोलणं संपल्यावर माइक मागून घेतला आणि जे कुणी मंडळात कधी बोलत नाही ते बोलले. माझ्या मुलाच्या डोक्याला कायमची इजा आहे. ती होऊ नये म्हणून जी परीक्षा होती, तिच्यात कसं फसवायचं हे मी त्याला शिकवलं. मग ती इजा लपवून मी त्याच्यासाठी मुलगी बघितली. कुणाच्या लेकीला औषध समजून घरात आणू नका. इथे बसलेल्यांपैकी निदान चार घरं मला माहीत आहेत, नावं घेत नाही. आणि कृपा करून माझ्या मुलाला स्थळ आणू नका. त्याचं नाव तुमच्या यादीतून काढा.

मागच्या रांगेत कुणी बाई हुंदका आवरत होती. तिच्या शेजारच्या माणसाने तिच्याकडे पाहिलं, तेव्हा ती थांबली. मग टाळ्या झाल्या, उभं राहून झाल्या. अध्यक्षांना शब्द सुचेनात. परदेशातल्या मराठी समाजाच्या वाटचालीतला हा सोनेरी क्षण आहे, एवढंच ते म्हणू शकले. नंतर मसालेभात होता.

दसऱ्यापर्यंत शार्दूलला तीन स्थळं आली. सांगलीचं एक, पुण्याचं एक, आणि एक थेट नाशिकहून. भाषण तिन्ही घरी पोचलं होतं. इजेबद्दल, भगदाडाबद्दल, परीक्षेबद्दल, सगळं त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना चालणार होतं.

मुलगा ब्रिटिश नागरिक आहे.